टाकी खाली आहे

हे मी मिलिंदलाही सांगितलेलं नाही. मिलिंद माझा नवरा. त्याला मी भाजीवाल्याशी झालेली कटकटसुद्धा सांगते, मग त्याला ऐकायची असो वा नसो. पण हे नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. आणि दुसरं म्हणजे — आता सांगताना काही होत नाही. पूर्वी नुसतं मनात आलं तरी हातातलं काम टाकून उठायचे. आता दाताचे डॉक्टर सुई देतात ना, त्यानंतर गाल कसा होतो, तसं झालंय. गाल आपलाच असतो, पण हात लावला तरी कळत नाही.

गोष्ट एका शब्दाची आहे. निदान सगळे तसंच समजतात.

आम्ही झाशीचे. कितीतरी पिढ्या झाल्या. मूळ गाव विचारलं तर प्रत्येक काका वेगळं सांगतो. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, दूधवाल्याशी बुंदेली. आमटी वाढायला आम्हाला अजून ओगराळंच लागतं, आणि त्याच दमात आम्ही 'मतलब' आणि 'लेकिन' म्हणतो. भांडं रिकामं झालं की आमच्याकडे ते 'खाली' होतं. डबा खाली, गाडी खाली, दुपारी मी खालीच असते. हिंदीतलं खाली, बरं का. लहानपणापासून असंच बोलत आले, आणि ते कुणाला कळलं नाही असं कधी झालंच नाही. मेधाताई येईपर्यंत.

मेधाताई साताऱ्याची. तिचे यजमान श्रीकांतराव इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर. बदली होऊन आले आणि कॉलनीत राहायला लागले. मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या दिवशी आमची ओळख झाली. मी वाढत होते. ती मदतीला आली, तर मी म्हटलं, मठ्ठ्याचं पातेलं खाली आहे, बघ जरा. ती वाकली. टेबलावरची चादर उचलून तिने चक्क डोकं आत घातलं आणि टेबलाखाली पातेलं शोधायला लागली. केवढा हशा पिकला! सगळ्यात जास्त तीच हसली.

पुढे ती हा किस्सा सगळीकडे सांगायची. हळदीकुंकवाला, वाढदिवसाला, नवीन कुणी बदली होऊन आलं की पहिल्याच चहाला. "आमच्या वृंदाच्या राज्यात जे रिकामं, ते सगळं खाली." माझी मुलगी, जिला स्वतःला धड मराठी बोलता येत नाही, तीसुद्धा मला विचारायला लागली — आई, खालीवालं खाली की नीचेवालं खाली? मी हसायचे. दर वेळी हसायचे. मेधाताईच्या मनात काही वाईट नव्हतं, हे आत्ताच सांगून ठेवते. तिचा माझ्यावर जीव होता. पण आपल्या आईच्या तोंडचा शब्द असा चहाबरोबर फिरवला जातो, तेव्हा कसं वाटतं? मला राग यायचा. फार यायचा. मी तिच्यासमोर तो शब्दच सोडून दिला. तिच्यासमोर माझ्या घरातली सगळी भांडी 'रिकामी' व्हायला लागली. कधी चुकले नाही. एवढं जरा लक्षात असू द्या.

डोंगरात जायचं, ही कल्पना माझी. मेधाताई कॉलेजपासून सह्याद्रीतले गड चढलेली. आमच्याकडच्या सपाटीला ती पार कंटाळली होती. मी म्हटलं, कुमाऊँत जाऊ. एका गावातून सुरुवात करायची, जंगलातून वर डोंगराच्या धारेवर चढायचं, धारेधारेने चालत जायचं आणि दुसऱ्या बाजूने उतरून परत त्याच गावात यायचं. आपलं सामान आपल्याच पाठीवर. आम्ही दोघी आणि आमचे नवरे. मिलिंदचं बिजौलीला वर्कशॉप आहे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतात तिथे. तो एरवी जिना चढायलाही कुरकुरतो, पण तोसुद्धा हो म्हणाला.

उन्हाळाभर मी तो रस्ता आखत होते. जेवणाचं टेबल त्यातच अडकलेलं, आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवायचो. नकाशावरच्या उंचीच्या रेषा वाचायला शिकले — रेषा जवळजवळ आल्या की उतार उभा. मुक्काम कुठे, लाकूड कुठे, पाणी कुठे. गावातल्या चहावाल्या भैयाला इतके फोन केले की तो मला दीदी म्हणायला लागला. मऊरानीपुरहून आणलेले चणे सॅकमध्ये भरून रोज सकाळी देवीच्या टेकडीच्या पायऱ्या चढायचो, आणि देवळातल्या बायका विचारायच्या, भाभीजी, सामान लेके कहाँ चलीं? हसू नका, पण इतकी खूश मी लग्नातही नव्हते. मी आखलेल्या वाटेवर माणसं चालणार होती.

मेधाताईने सगळं पाहिलं, मनापासून छान म्हणाली. आणि मग धारेवरच्या दिवसावर बोट ठेवलं. इथे पाणी कुठे? मी म्हटलं, वर वनखात्याची सिमेंटची टाकी आहे, भैयाने सांगितलंय. ती म्हणाली, टाकीवर विसंबू नये, सकाळी ओढ्यावरच सगळ्या बाटल्या भरून घेऊ. मी म्हटलं, ओझं होईल, पुरुषांचे गुडघे आधीच बोलतायत. खरं म्हणजे गुडघ्यांचा काही संबंध नव्हता. माझ्या आखणीत टाकी होती, एवढंच. तिने माझ्याकडे बघितलं आणि विषय सोडला. "तुझा रस्ता आहे, तू म्हणशील तसं." भांडली असती तर बरं झालं असतं. वाटतं कधी कधी.

सुरुवातीचे मुक्काम अगदी ठरल्यासारखे झाले. मग धारेचा दिवस आला. दिवाळीच्या आधीचे दिवस, आकाश स्वच्छ, ऊन बोचरं. दुपारी मी सगळ्यांच्या पुढे होते. टाकी एका उंचवट्यामागे होती. मी चढून बघितलं — झाकण बाजूला पडलेलं, भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा, तळाशी वाळकी पानं आणि कुणाची तरी एक चप्पल. पाण्याचा थेंब नाही. बाटल्यांत घोट-दोन घोट राहिले होते.

मेधाताई मागून आली आणि उंचवट्याच्या पायथ्याशी थांबली. तिथून तिला टाकी दिसत नव्हती, फक्त मी दिसत होते. नवरे बरेच मागे होते. तिने विचारलं, पाणी आहे ना?

मी म्हटलं, "टाकी खाली आहे."

तिने दोन्ही बाटल्या उचलल्या आणि उतारावरून खाली निघाली.

चीडाची, म्हणजे तिकडच्या पाइनच्या झाडाची, वाळलेली पानं कशी असतात, माहीत आहे? सुयांसारखी, गुळगुळीत. तिचा पाय त्यांवरून सटकला आणि ती थेट घळीत गेली. आरडाओरडा काही झाला नाही. फक्त बाटली दगडावर आपटल्याचा आवाज आला. गावातली माणसं खाट घेऊन वर येईपर्यंत ऊन उतरलं होतं. पुढे हल्द्वानीचं हॉस्पिटल, ऑपरेशन, गुडघ्यात सळई. आज ती काठीशिवाय चालत नाही. डोंगर तर सोडाच, आमच्या देवीच्या टेकडीच्या पायऱ्याही तिला चढवत नाहीत.

खाट येईपर्यंत मी तिच्याजवळ बसून होते. ती पाणी मागत होती. श्रीकांतरावांनी तिची सॅक उपसली, तर तळाशी शालीत गुंडाळलेली एक बाटली निघाली. भरलेली. ओढ्यावर तिने गुपचूप भरून घेतली होती — मला दिसू नये, मला वाईट वाटू नये म्हणून. अडीअडचणीला. तेच पाणी मी तिला पाजलं.

कसं झालं, हे दोघांनी विचारलं. मी म्हटलं, मी टाकी खाली आहे म्हणाले, तिला वाटलं खालच्या बाजूला आहे. मिलिंदने कपाळावर हात मारून घेतला. श्रीकांतराव म्हणाले, हा शब्द एक दिवस घात करणार होताच. झालं. पुढचा प्रश्न कुणी विचारलाच नाही. का विचारतील? किस्सा सगळ्यांना पाठ होता. उलट झाशीला परतल्यावर मंडळातल्या बायका माझ्याच पाठीवरून हात फिरवायला लागल्या — तू तरी काय करणार बाई, जिभेची सवय. मी मान खाली घालून ऐकून घ्यायचे. त्यातही त्यांना माझा पश्चात्ताप दिसायचा.

पण तुम्ही विचाराल. मघाशी लक्षात ठेवा म्हटलं होतं ना? तिच्यासमोर तो शब्द मी केव्हाच सोडला होता. मग नेमका तिथे कुठून आला?

दमले होते म्हणून? दमलं की माणूस आपल्या घरच्या बोलीवर येतो — हे मी स्वतःला किती दिवस सांगितलं. बरं वाटायचं. पण ते तसं नव्हतं. 'रिकामी' हा शब्द आधी आला होता. पुरता, ओठांपर्यंत. मी तो गिळला आणि दुसरा उचलला. तिला काय ऐकू येणार, हे मला ठाऊक होतं. रिकामी म्हटलं असतं तर ती काहीच बोलली नसती, 'मी म्हटलं नव्हतं का' एवढंही नाही, आणि तेच मला नको होतं. मला हवं होतं की तिने खाली जावं, हुडकावं, दमून हात हलवत वर यावं. मग मी म्हणणार होते, अगं, खाली म्हणजे रिकामी, विसरलीस? एकदा तरी तिचं मराठी तोकडं पडावं. एवढंच हवं होतं मला. एवढ्यासाठी.

अजून एक राहिलं. हेच सांगायचं होतं, बाकीचं सगळं याच्याभोवतीचं आहे.

उतरायला लागण्याआधी ती थांबली होती. मागे वळून तिने हाताने उताराकडे दाखवलं आणि विचारलं, इकडूनच ना? त्या बाजूच्या रेषा नकाशावर अगदी एकमेकींना चिकटलेल्या होत्या. ते आम्हा चौघांत फक्त मला माहीत होतं. उन्हाळाभर मीच तर बघत होते त्या रेषा.

मी मान हलवली. हो म्हणून.

शब्दाचं एक वेळ काहीही म्हणता येईल. झाशीचा, साताऱ्याचा, हिंदीतला, मराठीतला. मान हलवण्याचं काय? ते पाहिलं फक्त तिने. आणि तिला वाटतं की मला तिचा प्रश्न ऐकूच गेला नसेल, मी आपली सवयीने मान हलवली असेल. हे तिनेच मला सांगितलं, हॉस्पिटलमध्ये, माझा हात धरून. म्हणाली, "माझ्याच डोक्यात शिरायला हवं होतं गं. इतकी वर्षं तुझ्या शब्दाला हसले, आणि वेळेला तो कळला नाही."

तो किस्सा तिने पुन्हा कधी सांगितला नाही. उलट आमचा शब्द शिकली. आपणहून. डबा खाली झाला वृंदा, गॅसचं सिलिंडर खाली झालं. शिकवणी लावल्यासारखी मुद्दाम म्हणायची, आणि म्हणून झालं की माझ्याकडे बघायची, बरोबर आलं ना म्हणून. मी बरोबर म्हणायचे.

गेल्या महिन्यात श्रीकांतरावांची बदली झाली. आवराआवर करायला गेले होते. खोलीभर खोके. काठी टेकत ती आतून आली. हातात तिची ती निळी सॅक होती, कोपऱ्यात ठिगळ लावलेली. माझ्यापुढे धरली.

"तू घेऊन जा. मी काय करू आता हिचं? जड नाहीये, खाली आहे."

मी खाली बघितलं. फरशीकडे. मग हात पुढे करून सॅक घेतली.