मामांचा उजवा पाय

बीड जिल्ह्यात ज्याच्यापुढे खोटं बोलताच येत नाही असा एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो कोर्टात बसत नाही. युसूफ वडगाव नावाच्या गावाच्या रस्त्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये तो ब्रेकची कामं करतो. नात्याने तो माझ्या आईचा चुलतभाऊ, म्हणजे माझा मामा. इंजिनाला मामा हात लावत नाहीत. "पळवायची इद्या सगळ्यांलाच येती," म्हणतात, "आपलं काम थांबवायचं." गाडी दारात आली की ते काही विचारत नाहीत. आधी हौदावर जाऊन उजवा पाय धुतात, पुसतात, देवळात शिरावं तसे अनवाणी गाडीत बसतात आणि डोळे मिटून पेडलवर पाय ठेवतात. त्या वेळी कुणी बोललेलं चालत नाही. एक बागायतदार तेवढ्यात फोनवर ओरडायला लागला, तर मामा उतरून चहाला गेले ते तासाभराने आले. पेडल मऊ का लागतं हे त्यांनीच मला शिकवलं. "चार डाव मारल्यावर वर आलं, तर नळीत हवा हाय. दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसलं, तर आतलं रबर गेलं. आन् पेडल बरोबर आसून मालकच घाईत आसला, तर त्याला बसवून ठिवायचं."

नळीतली हवा काढताना एकाने पेडल मारायचं आणि दुसऱ्याने चाकापाशी बसून निप्पल उघडायचं, अशी रीत आहे. मामांच्या शेडमध्ये पेडल मारायला गाडी चालवणाराच लागतो. दुसऱ्याचा पाय चालत नाही. "ज्याला थांबायचंय, त्येनंच दाबायचं." एकदा कडक इस्त्रीतले एक पुढारी स्वतः गाडी हाकत आले, तर त्यांनाही बसवलं. मामा मागच्या डाव्या चाकाखाली, हातात सलाईनची नळी आणि बाटली. "मारा... मारा... धरा!" पुढाऱ्यांनी मध्येच पाय काढला, हवा परत आत गेली. मामा गाडीखालूनच म्हणाले, "सायेब, धरा म्हणलं की धरायचं. हे आश्वासन न्हाई."

माझ्यावर तर त्यांचा विशेष डोळा. आमच्या घरात धान्याच्या कणग्यांइतकेच ऊसतोड मजुरांच्या संघटनेच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी अक्षरं गिरवली ती पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. पुढे स्वतः पत्रकं लिहू लागलो तेव्हा पहिलं मोठ्या अभिमानाने मामांना दाखवलं. त्यांनी हात पुसून शेवटपर्यंत वाचलं. "भाच्या, लई मऊ हाय बे. पाय पार तळाला जातो, पण गाडी थांबत न्हाई." मग उद्गारचिन्हांवर बोट ठेवून विचारलं, "ही एवढी उभी दांडकी कावून? सगळी हवा हाय ही." दोन महिने मी त्यांच्या शेडकडे फिरकलो नाही.

फिरकलो तो गरजेपोटी. आमच्या भागातल्या बाया ऊसतोडीला गेल्या होत्या आणि त्या गावात नाहीत म्हणून रेशनकार्डातून त्यांची नावं कापली गेली होती. त्याची सुनावणी बीडला अकरा वाजता. संघटनेच्या जुन्या जीपमध्ये सात बाया घेऊन निघालो; खिशात मी लिहिलेलं चार पानी भाषण. वाटेत पेडल खाली जाऊ लागलं. मामांकडे थांबवून म्हणालो, "दहा मिनिटांत हवा काढून द्या."

मामांनी पाय धुतला. डोळे मिटून पेडल दाबून धरलं. मग उतरले, ब्रेक ऑइलच्या डबीत बोट बुडवलं आणि नाकाशी नेलं.

"ह्यात काय टाकलं?"

मी बोलायला लागलो. बाजारातली भेसळ, व्यापाऱ्यांची साखळी, तपासणी न करणारं खातं, सगळ्यांना झोडपून काढलं. मामा नुसते बघत राहिले. त्या बघण्यापुढे माझं बोलणं हळूहळू खाली बसलं.

"मीच टाकलं, मामा," मी म्हणालो. "डबी रिकामी दिसली. चुलत्याच्या शेडमध्ये ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं ऑइल होतं. ऑइल म्हणजे ऑइलच, असं वाटलं."

"त्या ऑइलनं रबरं फुगली सगळी," मामा म्हणाले आणि चावी काढून बंडीच्या खिशात टाकली. "चारी चाकांची बदलावी लागत्याल."

जीपमधून सगुणाबाई ओरडल्या, "आवो दादा, आमचं अकराला हाय!"

"माय, ह्या गाडीनं मांजरसुंब्याच्या घाटात धा वाजताच खाली पोचताल. आन् सगळ्या एकदमच."

सातही जणी उतरल्या. मामांनी रस्त्यात उभं राहून बस थांबवली, त्यांना चढवलं. मी मागोमाग धावलो तर माझी कॉलर धरली. "तू कुठं? पेडल कोण मारील?"

दिवसभर ते रबरं काढत होते, नळ्या धूत होते, नवी बसवत होते, आणि मी मारत होतो, धरत होतो. बाटलीतले बुडबुडे संपले तेव्हा दुपार उतरली होती. तेवढ्यात सगुणाबाईंचा फोन आला. बस उशिरा पोचली, साहेब उठायला निघाले होते, सातजणी दारातच बसल्या आणि एकेकीने आपापलं सांगितलं. नावं परत घालायचं लेखी मिळालं. "तुजं भाषण न्हवतं," त्या म्हणाल्या, "म्हणून लवकर उरकलं." माझी चार पानं खिशात घामाने ओली झाली होती.

गेल्या उन्हाळ्यात मामांनी आठ दिवस शेड बंद ठेवली. कारण कुणाला सांगितलं नाही. मग मला बोलावून घेतलं. शेडमध्ये एक जीप उभी होती. त्यांनी नेहमीसारखा पाय धुतला. घोट्याजवळ भाजल्याची मोठी खूण होती. "सायलेन्सरला टेकलता," ते म्हणाले, "कळलंच न्हाई. डाक्टर म्हणतो साखरेनं पाय बधिर झालाय." ते आत बसले, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच राहिले. मग हळू आवाजात विचारलं, "भाच्या, पाय पेडलवर हाय का रे?"

मी वाकून पाहिलं. धुतलेला, स्वच्छ पाय पेडलच्या शेजारी नुसत्या पत्र्यावर टेकला होता. हो म्हणावं असं फार वाटलं. पण त्या माणसापुढे ते आजवर कुणालाच जमलेलं नाही.

"थोडा बाजूला हाय, मामा."

"थोडा म्हंजे किती?"

"चार बोटं. उजवीकडं."

"हां," मामा डोळे न उघडता म्हणाले, "आत्ता लिवायला शिकलास." मग उतरले, मला आपल्या जागेवर बसायची खूण केली आणि दारापाशी उकिडवे होऊन कान देऊन बसले. "जा, आधी पाय धुऊन ये," म्हणाले.