भ्यालेला माणूस

बारामतीला कॉलेजात असताना आम्ही चौघांनी एका रहस्यपटाची सुरुवातीची पाच मिनिटं चित्रित करायचं ठरवलं. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने कॅमेरा एका दिवसापुरता दिला होता. सुप्याच्या माळावर आमचा सुधीर दुपारपर्यंत जिवाच्या भीतीने पळत होता, आणि दर वेळी तो एसटी पकडायला धावतोय असंच वाटत होतं.

मेंढरं राखणारे एक म्हातारे गृहस्थ मघापासून काठीवर हनुवटी टेकून बघत होते. शेवटी हसत म्हणाले, "पोरांनो, ह्यो कशाला पळतोय?"

"घाबरलाय, तात्या."

"भ्यालेला माणूस लगीच पळत न्हाय. आदी हुबा ऱ्हातो. आमी लांडगा बगितलाय, म्हनून सांगतो."

मग त्यांनी करूनच दाखवलं. चालता चालता थबकले, काठीवरची बोटं आवळली आणि मान न हलवता फक्त डोळे गवताकडे नेले. मीही गवतात बघितलं. नशीब, कॅमेरा चालू होता.

"जमलं का?" असं विचारून, मुंडासं सारखं करत ते मेंढरांमागे निघूनही गेले. नाव विचारायचं राहिलं.

दोन व्हीसीआर जोडून एडिटिंग करताना सुधीरच म्हणाला, "माझं पळणं काढा. तात्यांना ठेवा."

गॅदरिंगला टीव्हीवर तात्या थबकले आणि शिट्ट्या मारणारी पोरं एकदम गप्प झाली. मागून कुणीतरी हळूच विचारलं, "काय हाय रं तितं?"