सुनेचा डबा

अख्ख्या राहुरी तालुक्यात सुनेचा डबा स्वतःच्या हातानं भरणारा सासरा एकच झाला, आणि तो माझ्या वाट्याला आला. असा दुसरा पुढे होईल असं मला वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर होऊही नये. कारण नानांचा डबा खायचा म्हणजे जिभेनं आधी राजीनामा द्यायला हवा. तेल नावाला, मीठ चिमटीच्या टोकावर, साखर तर घराबाहेरच काढलेली. ज्या माणसाची उभी हयात साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेली, तो साखरेचं नाव निघालं की चुलत भावानं बांध कोरल्यासारखं तोंड करायचा. "म्या ती शिजताना पाहिलीय, पोरी," एवढंच सांगायचा. काय पाहिलंय ते कधी सांगितलं नाही.

मुळात या माणसाला चहासुद्धा करता येत नव्हता. सासूबाई होत्या तोवर त्यांनी केला, मग मी. पण एका सकाळी माझा नवरा नगरच्या एसटीत बसला आणि विळद घाटाच्या अलीकडेच छातीत कळ येऊन गेला. अजून चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. आम्हाला मूलबाळ नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरांनी जाता जाता विचारलं, "बाहेरचं खाणं फार होतं का?" तो प्रश्न नानांनी घरी आणला. तेरावा झाला, पाहुणे पांगले, मी पुन्हा पंचायत समितीत कामावर जायला निघाले, त्या दिवशी स्वयंपाकघरात भांडी आदळल्याचा आवाज आला. बघते तर नाना गॅसपुढे उभे, कोपरापर्यंत पीठ, आणि तव्यावर भाकरी नावाचा एक नकाशा करपतोय. "आजपास्नं डबा मी भरनार," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तू तुझं आवर." मला रडायला आलं, आणि हसायलाही. त्या दिवशी मी तो करपलेला नकाशा पाण्याच्या घोटाबरोबर उतरवला.

पुढे त्यांचा हात बसला, पण डोकं मोबाईलनं बसू दिलं नाही. रोज कुणीतरी डॉक्टर त्यात नवीन काही सांगायचा. एका आठवड्यात गहू वर्ज्य, दुसऱ्या आठवड्यात टोमॅटोच्या बिया गुन्हेगार. एकदा कुणी सांगितलं की घास पुष्कळ चावावा; नाना रोज जेवणाच्या सुट्टीत फोन करून, "कारलं आदी खा, आन चाव नीट," असं बजावायचे. त्यांचा आवाज बॉयलरच्या घरघरीत घडलेला, त्यामुळे मी फोन कानाला लावला तरी सगळ्या टेबलांना कारल्याची आज्ञा व्हायची. चार पुडांच्या डब्यात प्रत्येकाची जागा ठरलेली: खाली बाजरीची भाकरी, वर शेवग्याच्या पाल्याची भाजी, मग मोड आलेली मटकी, सगळ्यांत वर काकडी-गाजर आणि जवसाची चटणी. मटकीला मोड नीट आले नाहीत तर ते तिला रागावत. संध्याकाळी रिकामा डबा उघडून वास घेत, पूर्वी यंत्राचा घेत असतील तसा.

शेवगावला एका लग्नाला गेलो तर तिथेही माझा डबा पिशवीतून निघाला. पंगत बसलेली, जिलबीचं ताट येतंय, आणि नाना माझ्यापुढे भाकरी मांडतायत. मी शरमेनं मान वर केली नाही. मुलीचे वडील धावत आले. "नाना, आमच्या जेवनात काय इष कालवलंय का?"

"इष न्हाई, पाव्हनं," नाना गंभीरपणे म्हणाले, "पर तेल लई हाय."

परतताना गाडीत मी चिडून बोलले. त्यांनी खिडकीची काच सरकवली. मग म्हणाले, "दर बाजाराला त्याच्यासाटी शेव-जिलबी मीच आनायचो. ल्हान हुता तवापास्नं. त्याला ती चटक म्याच लावली." त्यानंतर डब्यावरून मी कधी शब्द काढला नाही.

पण तेवढं अन्न मला जात नव्हतं. आमच्या कचेरीत कृषी विभागाला एक साहेब होते, बायको आजारपणात गेलेली, दुपारी चहावर दिवस काढायचे. एकदा उरलेलं कारलं त्यांना दिलं, तर त्यांनी ते आवडीनं खाल्लं. कारलं आवडीनं खाणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मग रोजच अर्धा डबा तिकडे जाऊ लागला. चाटून-पुसून परत येणारा डबा पाहून नाना आधी खूश झाले, नंतर त्यांना शंका आली. एका संध्याकाळी म्हणाले, "येवढं तुला जात न्हाई. खरं सांग, डबा कोन खातं?"

मी सांगितलं. आता घर डोक्यावर घेतील असं वाटलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मात्र नाना धुतलेली टोपी घालून कचेरीत हजर झाले, साहेबांसमोर खुर्ची ओढून बसले आणि सगळ्यांदेखत त्यांची तपासणी सुरू केली.

"तंबाखू?"

"नाही."

"बीपी?"

"गोळी चालू आहे."

"टायमावर घेता का?"

"घेतो."

"आन झोप? झोप लागती का?"

साहेबांनी डब्याचं झाकण बाजूला ठेवलं. "नाही लागत," ते हळूच म्हणाले.

"मलाबी न्हाई," नाना म्हणाले, आणि त्यांनी डब्यातला मटकीचा कप्पा त्यांच्याकडे सरकवला.

घरी येताना वाटेत त्यांनीच विषय काढला. "मानूस बरा हाय. तू इचार कर." मी रस्त्यातच रडायला लागले, म्हणाले, मला कुठे जायचं नाही. "मग माझ्या मागं काय त्या घराला टाळं लावून बसनार हाईस?" ते ओरडले, आणि आपल्याच आवाजानं दचकले. पुढचे काही महिने भावकीनं त्यांना टोचून खाल्लं. मुलाचं वर्ष सरलं नाही तोच सुनेचं लग्न लावायला निघालाय, असं त्यांच्याच थोरल्या भावानं चारचौघांत सुनावलं. नानांनी भावाचा उंबरा सोडला, पण बोलणं मागे घेतलं नाही. शेवटी मी हो म्हटलं, आणि नोंदणी लग्नाच्या दिवशी साक्षीदार म्हणून सही त्यांनीच केली.

साहेबांची बदली शेवगावला झाली, मी तिकडे गेले. नाना आले नाहीत. फोनवर रोज, "खाल्लं का?" मी उलट विचारलं की, "झालं की मगाच." शेजारणीनं मात्र वेगळंच कळवलं: गॅस पेटतच नाही, म्हातारा स्टँडवर वडा-चहावर असतो. मी फोनवरून रागावले तर म्हणाले, "एकट्यासाटी कोन भाकऱ्या थापतं?" थंडीत त्यांनी अंथरूण धरलं, तेव्हा आम्ही गाडी करून त्यांना शेवगावला आणलं.

ते बरे झाले, राहिलेही, पण पाहुण्यासारखे. स्वयंपाकघराकडे फिरकले नाहीत. पाणीसुद्धा मागून घ्यायचे. ओसरीवरच्या खुर्चीत ऊन खात बसायचे आणि फाटक वाजलं की पाय आवरून घ्यायचे. मला ते बघवत नव्हतं. एके सकाळी शेजारच्या काकू आल्या, नानांकडे बघून मला विचारलं, "हे कोण गं तुझे?"

माझे हे दारातच उभे होते, तेही अडखळले. पहिल्या नवऱ्याचे वडील, हे आता कुठल्या शब्दात सांगायचं, मला सुचेना. नानांनी टोपी सारखी केली.

"मी व्हय?" ते म्हणाले. "मी हिच्या म्हायेरचा."

दोन दिवसांनी त्यांनी परतायचा हट्ट धरला. लेकीच्या घरी फार राहू नये म्हणे. मी स्टँडवर सोडायला गेले. गाडीत चढल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, फक्त खिडकीतून हात बाहेर काढला आणि गाडी वळेपर्यंत तसाच ठेवला.

आता सणावाराला मी राहुरीला निघाले की काकू फाटकाशी येऊन विचारतात, कुठे निघालीस. मी पिशवी या हातातून त्या हातात घेते आणि सांगते, माहेरी.