जुमेरातचा वाटा

खुदेजाबीला कुणी "घाबरू नकोस" म्हटलं की तिचं टाळकं सटकतं. ती मुळात घाबरतेच कधी? दाभोळच्या खाडीकाठी वाढलेली बाई आणि गेली चोवीस वर्षं ओमानात, रुस्ताकला. नवरा जमाल सूकमध्ये, तिथल्या बाजारात, कापडाच्या दुकानावर. घर गावाच्या अगदी टोकाला. मागे छातीएवढी भिंत, भिंतीपलीकडे वादीचं, म्हणजे पावसाळी ओढ्याचं, कोरडं पात्र आणि त्याच्यापुढे उघडेबोडके डोंगर. इथं राहायचं तर कातडी जाड हवी, आणि ती तिच्याकडे भरपूर होती.

फक्त एका ठिकाणी ती पातळ होती. तिची मांजर, शेवंड. उकडलेल्या शेवंडीसारखा, त्या मोठ्या समुद्री झिंग्यासारखा, तांबूस रंग म्हणून हे नाव. मुलीनं, अफशीननं, शाळेतून येताना दप्तरात घालून आणलेलं पिल्लू. अफशीन दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन रत्नागिरीला गेली, मांजर राहिली. पोरगी रोज फोन करते आणि आईची तब्येत विचारायच्या आधी विचारते, "अम्मी, शेवंड कशी आहे?" खुदेजाबी म्हणते, "आई मेली का जगली ते विचार आधी!" पण मग मांजरीचं दिवसभराचं सगळं सांगत बसते.

आता जुमेरातची गोष्ट. दर गुरुवारी संध्याकाळी खुदेजाबी गुजरलेल्या सासूबाईंच्या नावानं फातिहा देते, दुआ पढून जेवण वाटते. मटणाचं सालन, तांदळाच्या भाकऱ्या, थोडा शिरा. त्यातला एक वाटा फकिराचा. गावी फकीर दारात यायचा, इथं कुठला फकीर? पूर्वी अफशीन ताटली घेऊन जायची आणि दिसेल त्या मजुराला देऊन यायची. ती गेली, खुदेजाबीचे गुडघे दुखू लागले, आणि वाटा मागच्या भिंतीवर जाऊन बसला. मुक्या जिवांनी खाल्लं तरी सवाबच, पुण्यच, असं तिनं स्वतःला समजावलं. सकाळी ताटली लख्ख असायची. "मांजरी काय चाटूनपुसून खातात!" म्हणून ती खूष.

एका जुमेरातला जरा उशिरानं, मगरिबच्या म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजेच्या तोंडावर, ती ताटली घेऊन मागच्या दारात आली, तर भिंतीवर कोल्हा! आपल्याकडच्या कोल्ह्यापेक्षा अंगानं बारीक, वाळूच्या रंगाचा, कान मात्र सशाला शोभतील असे. आणि त्याच्यापासून दोन हातांवर शेवंड, पाठीची कमान करून, शेपूट फुगवून.

"मेल्या, माझ्या मांजरीवर येतोस?"

पायातली चप्पल कधी हातात आली आणि कधी सुटली तिलाच कळलं नाही. नेम बसला. पण त्याआधी त्यानं शेवंडच्या मागच्या पायाला तोंड घातलंच होतं. कोल्हा वादीत उतरला आणि पळाला का? छे! वीस पावलांवर बसून निवांत बघत राहिला. खुदेजाबीनं रडणाऱ्या मांजरीला काखेत घेतलं आणि हळद शोधायला आत धावली. जाताजाता दुसऱ्या हातातली ताटली भिंतीवर ठेवली. हात सवयीचा, डोकं मांजरीत.

दुसऱ्या दिवशी जुम्म्याची नमाज झाल्यावर शेजारचे हुसैनमियाँ दारात उभे. श्रीवर्धनचा माणूस, एसी दुरुस्त करतो, दोन खोल्यांत एकटाच राहतो. बायकामुलं गावाला. घरात बोलायला कुणीतरी असावं म्हणून तीन कोंबड्या पाळल्या होत्या.

"तिसरी पण गेली, भाबी. पहिली जुमेरातला, दुसरी जुमेरातला आणि काल ही. खलास." त्यांनी खिशातून गुलाबी पुडी काढली. "आता बास. येत्या जुमेरातला कोंबडीच्या मानांना हे लावून भिंतीमागं ठेवतो. घरमालक अर्बाबची पण हरकत नाय. तुमची मांजर तेवढी चार दिवस कोंडून ठेवा."

"कोंडणार नाय," खुदेजाबी म्हणाली. "आणि विष पण ठेवायला देणार नाय."

"अगं, त्याच्या तीन कोंबड्या गेल्या," जमाल मध्ये पडला.

"एकदा कोंडली होती तर खिडकीची जाळी फाडून गेली. विसरलात? मान दिसली की पहिली तीच खाईल. मग अफशीनला फोनवर काय सांगू?"

"मांजरच आहे, खुदेजा."

या वाक्यावर तिनं नवऱ्याकडे असं पाहिलं की तो चहा अर्धा टाकून दुकानावर गेला.

त्या दुपारी ती भिंतीवरची ताटली उचलायला गेली. लख्ख! मटणाची हाडंसुद्धा गायब. ताटली हातात धरून ती तिथंच उभी राहिली. मांजर हाड चाटतं, चघळतं, ते अख्खं घेऊन जात नाही. आणि कोंबड्या गेल्या त्या कधी? जुमेरात, जुमेरात, जुमेरात. दोन वर्षं ती कोल्ह्यांना वार लावून जेवण घालत होती. सालन खाऊन झालं की ते पलीकडची कोंबडी बघत, आणि काल पोचायला उशीर झाला तर त्यांनी तिची शेवंड बघितली. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. आणि ती बसलीही गप्प. पाच दिवस लाजेनं ती हुसैनमियाँच्या समोर गेली नाही.

जुमेरात आली. असरच्या नमाजेनंतर, उन्हं कलताना, हुसैनमियाँ परातीत माना घेऊन वादीत आले, मागोमाग जमाल. बघतात तर जिथं माना ठेवायच्या नेमक्या त्या जागी, भिंतीला पाठ लावून, खुदेजाबी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली. मांडीवर पायाला फडकं बांधलेली शेवंड.

"उठा भाबी."

"नाय उठणार. कोल्ह्यांना दावत मीच दिली. दोन वर्षं, दर जुमेरातला, या भिंतीवर. तुमच्या कोंबड्या माझ्यामुळं गेल्या. शिव्या घालायच्या तर मला घाला. तीन कोंबड्या मी आणून देईन, पिंजरा पण करून देईन. पण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, तर आधी ही खुर्ची उचला माझ्यासकट!"

जमालनं "तोबा" म्हणून डोक्याला हात लावला. हुसैनमियाँचा चेहरा लाल झाला. "म्हणजे... तुम्ही? आणि आता पुढं? वाटा बंद करणार?"

"सासूबाईंचा वाटा मी मेले तरी बंद नाय होणार."

मांजर नवऱ्याच्या हातात कोंबून ती आत गेली आणि ताटली भरून आली. सालन, चार भाकऱ्या, शिरा. थेट हुसैनमियाँच्या समोर धरली. "घ्या."

"मला? मी काय फकीर आहे?"

"बायकापोरं श्रीवर्धनला. कोंबडीशी गप्पा मारता. कांदा कापताना रडता ते भिंतीपलीकडं ऐकू येतं. याहून फकीर कसा असतो मला तरी ठाऊक नाय. चूक माझीच. शेजारी माणूस उपाशी, आणि मी रानातल्या जनावराला भाकरी घालत होते."

ताटली घ्यायला दोन हात लागतात. परात खाली ठेवावी लागली. खुदेजाबीनं ती पायानंच बाजूला सारली आणि जमालला म्हणाली, "बघता काय? खोल खड्डा काढा, पुरा ते." हुसैनमियाँ आधी उभ्यानं खात होते. दुसऱ्या भाकरीला खुर्चीवर बसले. तिसऱ्या भाकरीला डोळे पुसले आणि म्हणाले, "तिखट आहे." सालन अजिबात तिखट नव्हतं.

मगरिबच्या आधी कोल्हा आला. वेळेचा पक्का! वीस पावलांवर बसला आणि भिंतीकडं बघत राहिला. खुदेजाबीनं रिकामा टोप घेतला, त्यावर पळी हाणली. "खलास! दावत खलास! जा, शिकार करून खा!" शेजारून हुसैनमियाँ रिकामी झालेली परात वाजवायला लागले. कोल्हा उठला, एकदा मागं वळून बघितलं आणि डोंगराकडं निघून गेला. पुढच्या जुमेरातलाही आला, पण फार वेळ थांबला नाही.

ताटली मात्र दोनच दिवसांनी, शनिवारी, परत आली होती. कोकणातला माणूस शेजाऱ्याची ताटली रिकामी परत करत नाही, काहीतरी घालून देतो, अंडं म्हणा, चार खजूर म्हणा. हुसैनमियाँ दारात उभे राहिले, मान खाली. ताटलीत उरलेली गुलाबी पुडी होती, वर चार गाठी मारलेल्या पिशवीत.

"घरात दुसरं काय नव्हतं, भाबी."

"जेवायच्या ताटलीत विष घालता? अक्कल आहे का?" ती कडाडली. पुडी आणि ताटली दोन्ही तिनं पुरायला लावली. सासूबाईंच्या हातची ताटली होती, तरी पुरली. हुसैनमियाँनीच खड्डा काढला.

तेवढ्यात फोन वाजला.

"अम्मी, शेवंड कशी आहे?"

खुदेजाबीनं मागं बघितलं. "भिंतीवर बसलीय," ती म्हणाली. "आणि बसणार."