भिंतीवरून आलेलं पुस्तक

नंदनवन वस्तीत आमच्या शेजारच्या काकू टेलिफोन ऑफिसात होत्या. एखादं पुस्तक आवडलं की त्या ते मधल्या भिंतीवरून पुढे करायच्या. आत काय आहे ते कधी सांगायच्या नाहीत. "हे जेवताना नको उघडू वं, भात थंडा होते," एवढीच शिफारस. कधी विहिरींवरचं पुस्तक असायचं, कधी ताऱ्यांवरचं.

बाबा गेले आणि आईनं अंथरूण धरलं. बोलणंही बंद केलं. शेजारणी डबे आणायच्या, तिच्याजवळ बसून रडायच्या. काकूंनी आणलं पक्ष्यांवरचं जाडजूड पुस्तक. मला रागच आला. भिंतीशी जाऊन मी म्हटलं, "काकू, धीर देणारं तरी काही आणायचं!"

"दुःखाचं पुस्तक काहून देऊ वं तिले? दुःख तर तिच्यापाशी आहेच," त्या म्हणाल्या आणि पुन्हा तांदूळ पाखडू लागल्या.

पुस्तक कितीतरी दिवस आईच्या उशाशी नुसतं पडून होतं. मग एका सकाळी मी चहा घेऊन गेले, तर खाट रिकामी. आई अंगणात उभी होती. पुस्तक छातीशी, नजर विजेच्या तारेवरच्या काळ्या पक्ष्याकडे.

"हळू ये वं," ती म्हणाली. "कोतवाल आहे तो. उडून जाईल."

भिंतीपलीकडे पाखडण्याचा आवाज एकदम थांबला.