रुमाल टाकलेली जागा

कॉम्प्युटरमधली ‘सिस्टीम रिझर्व्ह्ड’ नावाची शंभर एमबीची जागा मी फुकट अडवलेली समजून उडवून टाकली.

अडचण जागेचीच होती. बायको गेली त्याला आठ महिने झाले होते. आजारपणात तिने मुलीसाठी स्वयंपाकाच्या गोष्टी बोलून त्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. काळा मसाला, मांडे, लोणच्याचं मीठ. मी त्यातलं एकही ऐकलं नव्हतं. धीरच होत नव्हता. मुलगी पुण्याहून म्हणाली, "बाबा, आईची रेकॉर्डिंगं पाठवा ना." पाठवायला घेतली, तर डिस्क भरल्याची लाल पट्टी.

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर बायकोने एक चिठ्ठी चिकटवली होती, ‘हात लावू नये’. ती कामाच्या मावशींसाठी आहे असा माझा पक्का समज. शिवाय अंबडच्या कारखान्यात तीस वर्षं मशिनं खोलून जोडलेला माणूस मी, चिठ्ठ्यांना जुमानतो की काय.

फुकटातलं एक सॉफ्टवेअर उतरवलं. त्यात डिस्कचे तुकडे दिसले, आणि सगळ्यात पुढे हा चिमुकला, रिझर्व्ह्ड. दिंडोरीच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात आणि धरणारा फिरकतच नाही, तसलाच प्रकार वाटला. असे रुमाल मी आयुष्यभर बाजूला सारून बसलोय. हाही सारला.

पुन्हा सुरू केलं तर काळा पडदा आणि पांढरी एक ओळ, ऑपरेटिंग सिस्टीम सापडत नाही.

इथे तरी थांबावं. नाही थांबलो. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, शेजाऱ्यांकडून पेनड्राइव्ह भरून आणला आणि नवी विंडोज टाकायला बसलो. विंडोज कुठे टाकायची, असा पडद्यावर प्रश्न आला. मी मोठा तुकडा दाखवला. आधी फॉरमॅट करा, असं व्हिडिओवाला सांगत होता. केलं. कॉम्प्युटर झकास सुरू झाला. स्वतःला शाबासकी देत मी चहा ठेवला. कप घेऊन परत आलो तेव्हा लक्षात आलं, पडद्यावर बायकोचा फोटो नाही. तिचं फोल्डरही नव्हतं. चहा मी तसाच उभ्याने संपवला, का ते माहीत नाही.

द्वारका चौकातल्या दुकानातल्या दुरुस्तीवाल्या बाईंनी डिस्क तपासली. "काका, पहिल्यांदा उडवलात तो तुकडा फक्त चालू करण्यापुरता होता. विंडोज कुठंय, हे मशिनला तो सांगतो. तो परत बनवायला मला अर्धा तास लागला असता. बाकी सगळं जागच्या जागी होतं."

"आणि आता?"

"ही नवीन प्रकारची डिस्क आहे. पुसलं की आतून पण साफ करते. बघते, पण आशा नका ठेवू."

दोन दिवसांनी गेलो तर काहीच निघालं नाही म्हणून त्यांनी डिस्क परत दिली.

मुलीला फोन करून सगळं सांगितलं, रुमालासकट, तिला हसू यावं म्हणून. लोणच्याला मीठ किती, हे आता आम्हा दोघांनाही कुणाला विचारता येणार नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "ती चिठ्ठी मावशींसाठी नव्हती. आईने तुमच्यासाठी लावली होती."