सिक्लोननंतर चिकटलेली गाडी

आमच्या बेटावरच्या फिनिक्स गावात आमच्या घराचं अंगण नदीकडे उतरतं होतं. त्यामुळे गाडी उभी केली की सासरे हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढत, पार शेवटच्या खाचेपर्यंत. गाडी जुनी, निळी. चालवायचे ते किंवा माझा नवरा. खरं तर मलाही येत होती. लग्नाआधी माहेरी, रिव्हिएर दू रांपारला, भावाने उसाच्या शेतांमधल्या वाटांवर शिकवलं होतं, लायसनही काढून दिलं होतं. ते कपाटात साड्यांखाली पडून होतं. "घरात दोन पुरुष असताना बाईमाणसाने कशाला?" असं सासरे एकदाच म्हणाले होते. तेवढं पुरलं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मोठं सिक्लोन, म्हणजे चक्रीवादळ, आलं. आम्ही खिडक्यांना आतून फळ्या ठोकून बसलो. वीज गेली, पाणी गेलं. अंधारात मेणबत्तीचा वास, ओल्या भिंती आणि सासऱ्यांचा रेडिओ. माझं सगळं लक्ष आईकडे लागलं होतं. आईचं घर पत्र्याचं होतं आणि भाऊ नोकरीसाठी परदेशी गेलेला, त्यामुळे ती एकटीच होती.

वारा पडल्यावर सासरे अंगणातला कचरा बघायला उतरले आणि त्यांच्या तळपायात खिळा घुसला. त्याच सकाळी माझा मावसभाऊ मोटरसायकलवर आला. तो आईच्या गावाजवळच्या पितोंहून निघून क्युरपिपला चालला होता.

"मावशीचं छप्पर उडालं," तो म्हणाला. "स्वयंपाकघर तेवढं उभं आहे, त्यात बसलीय. मी म्हटलं चल माझ्याकडे, तर ऐकत नाही."

"मला सोडतोस तिकडे?"

तो काही बोलायच्या आत सासरे वारांगीतून, म्हणजे ओसरीवरून, म्हणाले, "सून मोटरसायकलवर जाणार नाही. गाडी आहे आपली."

मावसभाऊ गेला. बस बंद होत्या. नवऱ्याने गाडी सुरू केली, हँडब्रेक खाली सोडला, गियर टाकला. गाडीचं मागचं अंग जरा दबलं आणि इंजिन बंद पडलं. पुन्हा तेच. दांडा खाली होता, पण मागची चाकं जागची हलत नव्हती. इतके दिवस पावसात ब्रेक ओढलेला राहून आतले लायनर गंजाने ड्रमला चिकटले होते.

"पा कापाव," नवरा घाम पुसत म्हणाला. नाही जमत.

मी पिशवी घेऊन उभी होते. पिशवीत भात, मसूर, कोरडं लुगडं. गेटाबाहेर रस्ता मोकळा दिसत होता आणि आमची गाडी अंगणात खिळल्यासारखी.

नवरा हातोडा घेऊन मागच्या चाकाशी बसला. "बाहेरून ठोकतो. कुणीतरी आत बसून हळूहळू क्लच सोडायला हवा. एकदा मागे, एकदा पुढे."

सासऱ्यांनी पट्टी बांधलेल्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पिशवी मागच्या सीटवर ठेवली आणि स्टिअरिंगला बसले.

रिव्हर्स. ठोका. फर्स्ट. ठोका. मग "ठण्" असा आवाज झाला, गाडीने उडी घेतली आणि सरळ गेटाबाहेर गेली. नवरा ओरडत मागून धावला. मी थांबवली. तो धापा टाकत माझ्या शेजारच्या सीटवर बसला.

"जा," तो म्हणाला. "बंद करू नकोस. कुठेही हँडब्रेक ओढू नकोस, परत चिकटला तर रस्त्यातच राहू."

वाटेत एका चढावर आडवं पडलेलं झाड कापत होते. पुढे लॉरी, मागे लॉरी. मी ब्रेकवर पाय दाबून बसले. करवत चालू होती, संपत नव्हती. पोटरीत गोळा आला. डावा हात आपोआप हँडब्रेकच्या दांड्याकडे जायचा आणि मी तो मांडीखाली दाबून धरायची. पाय जरा सैल पडला असता तर मागच्या लॉरीवर आदळलो असतो. मला रडू येत होतं, पण रडायला डोळे मिटावे लागतात.

आई चुलीपाशी बसली होती. गाडीचा आवाज ऐकून दारात आली आणि मला स्टिअरिंगवरून उतरताना बघून आधी हसली, मग माझ्या गळ्यात पडून रडली. संध्याकाळपर्यंत आम्ही पत्रे गोळा केले, शेजाऱ्यांनी वासे धरले. तिने यायला नकार दिला. "घर सोडून कुठे जाऊ?"

निघताना नवऱ्याने किल्लीसाठी हात पुढे केला. "दमलीस तू. मी चालवतो."

मी खरंच दमले होते. किल्ली दिली आणि बाजूच्या सीटवर बसले. काच वर होती. दोन्ही बाजूंना आडवा झालेला ऊस मागे जात होता, आणि घरापर्यंत प्रत्येक उतारावर माझा पाय आपोआप ब्रेक शोधत होता.